थांबणाऱ्यांनाही वीज लागते

लालबाग,
१२ मार्च १९८९

दादा,

'तीर्थरूप' लिहावं की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं दादा. पत्ता सुरतेला येऊन-जाऊन असणाऱ्या रामूने दिला. म्हणाला, उधन्याच्या खाणावळीवर टाक, सुरतेत कुठेही असला तरी जेवायला तिथेच येतो. आमचा पत्ता तुला ठाऊक आहे. सहा वर्षांत आम्ही हललेलो नाही. तीच चाळ, तोच दुसरा मजला, नळाच्या बाजूची खोली.

कामाचं आधी. बाबांना जानेवारीत झटका आला. उजवी बाजू गेली. परळच्या हॉस्पिटलात होते, आता घरी आणलंय. बोलतात, पण शब्द भिजून बाहेर पडतात. आयेला सगळे कळतात, मला अर्धे. आये भरवते, मी सकाळी अंग पुसते आणि कामावर जाते. रडारड काही नाही. डॉक्टर त्यांच्या तळपायाला सुई टोचून "कळतंय का?" विचारत होते, बाबा मान हलवून नाही म्हणत होते आणि मी बाजूला उभी राहून बघत होते. मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अजूनही वाटत नाहीये. हे बरं नाही एवढं कळतं.

तू गेलास तेव्हा मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पास झाले, नोकरी लागली. परळला एका संस्थेत आम्ही आठ जण मिळून महासंगणक बनवतोय. हस. आयेसुद्धा हसते. चाळीत सांगते, माझा चेडू रेडियो दुरुस्त करता.

बाहेरच्या देशांकडे एकच दांडगा, सुसाट प्रोसेसर असलेली यंत्रं आहेत. ती आपल्याला विकत मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्यांना वीज आणि थंडावा पुरवताना आमची अख्खी बिल्डिंग अंधारात जाईल. म्हणून आम्ही चौसष्ट साधे, धिमे प्रोसेसर एकत्र जोडतोय. मोठं गणित फोडायचं, चौसष्टांना वाटायचं, सगळ्यांनी एकाच वेळी सोडवायचं. एकाला ऊर फुटेस्तोवर पळवण्यापेक्षा पुष्कळांना चालवलं तर वीज कमी लागते, हे आमच्या केळकर सरांचं म्हणणं. सर गिरगावचे, बोलणं मोजूनमापून, रागावले तरी 'अहो' म्हणतात. बिल्डिंग जुनी, मंजूर वीज बेताची. पंखे, दिवे, एसी आणि हे यंत्र सगळं तेवढ्यातच भागवायचं. कुठे किती वीज जाते ते शोधून कमी करणं हे माझं काम.

आता खरं सांगायचं ते. हात उचलत नाहीये, पण लिहिते. तू तो ठराव मागे घे.

आपल्यात घोळ नको म्हणून सगळं मांडते. संपाच्या दुसऱ्या वर्षी बाबा गिरणीत परत कामाला गेले. तळमजल्यावरच्या गावकीच्या खोलीत गावमंडळाची सभा बसली. संप फोडणाऱ्याला वाळीत टाकायचं, आपल्या नानेखोल गावच्या रिवाजाने. तू बावीस वर्षांचा, त्याच गिरणीत बदली कामगार. उठलास आणि स्वतःच्या बापाचं नाव घेतलंस. रवळनाथाच्या फोटोपुढच्या फळीवर नारळ ठेवलास आणि त्याच आठवड्यात सुरत गाठलीस. तेव्हापासून मंडळातलं कोणी बाबांशी बोलत नाही, आपल्या घरचं पाणी घेत नाही, आपला उंबरा ओलांडत नाही.

पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल. संप विरला. वाळीत टाकणारे निम्मे स्वतःच गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहिले. काहींना घेतलं, काहींना नाही. चंदूवर ठराव झाला, दत्तूवर झाला, आणखी कितीजणांवर झाला. ज्याने नारळ ठेवला त्याने तो नंतर उचलून फोडला, खोबरं वाटलं, मिटलं. राहिला फक्त तुझा. ठेवणाऱ्यानेच उचलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तू इथे नाहीस, म्हणून बाबा वाळीत. आता कोणाला त्यांचा रागही उरलेला नाही. तरी वाळीतच.

बाबांना एकच धास्ती आहे, आपल्या तिरडीची. परवा आयेला म्हणाले, "माका उचलूक कोण येतलो?"

एक दिवस ये. नारळ उचल आणि हवं तर लगेच परत जा. मी चहासुद्धा विचारणार नाही.

सुनेत्रा


२ जुलै १९८९

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही म्हणजे मिळालं, असं मी धरते.

बाबा आहेत तसेच. डावा हात चांगला चालतो. त्या हाताने चादरीची दशी ओढत बसतात. आये ओरडते, ते ऐकत नाहीत.

आमचं यंत्र तापायला लागलं. पहिले सोळा प्रोसेसर जोडले आणि खोलीची भट्टी झाली. एसी धापा टाकून बंद पडला. केळकर सर रुमालाने मान पुसत म्हणाले, "सुनेत्रा, अहो सोळात ही अवस्था, तर चौसष्टांत आपण शिजून निघू." मी प्रत्येक बोर्डाला मीटर लावत बसले. सापडलं ते मलाच खरं वाटेना. काम करणारा प्रोसेसर जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच वाट बघणारा खातो.

कसं ते सांगते, अवघड नाहीये. गणिताचे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला सगळ्यांनी एका रेषेवर यायचं आणि मग मिळून पुढे जायचं. एक जरी मागे राहिला तरी बाकीच्यांनी थांबायचं, कारण त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय पुढचं गणितच मांडता येत नाही. आता थांबलेला प्रोसेसर गप्प बसला तर ठीक. तो बसत नाही. झालं का, त्याचं झालं का, जाऊ का, असं सारखं विचारत राहतो, सेकंदाला लाखो वेळा. अशा नुसत्या उभं राहण्यातच आमची निम्मी वीज जात होती.

आमच्यातल्या एका डोंबिवलीकराने ह्या थांबलेल्यांचं नाव काय ठेवलं माहितेय? बदली. सगळे हसले, मीपण हसले. तू पहाटे डबा घेऊन गेटवर जायचास, कोणाचा खाडा नसला की तसाच डबा घेऊन परत यायचास. आये तोच डबा तुला दुपारी उघडून द्यायची. तुझी भूक बाबांच्या भुकेपेक्षा तसूभर कमी नसायची. आये म्हणायची, काम नाय गावला तरी प्वाट काय घराक ठेवन जाता?

रामू सांगत होता, बाबा माझ्या फीसाठी संप मोडून गिरणीत गेले असं तू सगळ्यांना सांगतोस. मी आयेला विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "फी नाय नि बी नाय. दीड वर्स खाटल्यार बसान त्येचो जीव जाय व्हतो. झोपेत पण हात हलत. गेलो नसतो तर येडो झालो असतो." एवढंच. मग मला म्हणाली, बाजूक हो, पाणी उडात.

हे खरं की खोटं ते मला माहीत नाही. बाबांना विचारण्यात अर्थ नाही, ते आता पाऊस, चहा आणि देव एवढंच बोलतात.

मी यंत्रात एक बदल सुचवला. ज्याचं काम झालं त्याने झोपावं. शेवटचा आला की घंटी वाजेल, मग सगळ्यांनी उठावं. सर म्हणाले उठायला वेळ जाईल. मी म्हटलं जाऊ दे, थोडा वेळ गेलेला परवडला. ते विचार करतो म्हणाले. त्यांचं 'विचार करतो' म्हणजे होच असतं.

तूही विचार कर.

सुनेत्रा


१७ सप्टेंबर १९८९

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'पत्रं मिळाली. मी बोललो ते बोललो. बाबांना वेळेवर औषध दे.' बरं झालं सांगितलंस रे बाबा, आम्ही आतापर्यंत त्यांना कुरमुरेच देत होतो.

तुझा राग माझ्यापर्यंत पोचला. माझ्याकडे उलट द्यायला तेवढा राग नाही, नाहीतर पाठवला असता.

गणपतीचं सांगते. खाली गावकीच्या खोलीत दरवर्षीसारखा बसला. आपण घाडी, गावचं गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. तू लहान असताना बाबा खाली उभे राहून देवाला हाक घालायचे आणि सगळी खोली 'होय म्हाराजा' म्हणून दणाणायची. शेजारच्या चाळीतली पोरं ऐकायला यायची. आता बुधाजीकाका घालतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणून कोणीतरी घालायचं म्हणून घालतात, मध्येच विसरतात, खोकतात.

ह्या वर्षी आरती झाली आणि काका खाली खोकत होते, तेवढ्यात वर बाबांनी सुरू केलं. खाटेवर पडल्या पडल्या. दार उघडंच होतं. अर्धं तोंड वाकडं, पण आवाज कुठून आला देव जाणे. आख्ख्या चौकात गेला. बुधाजीकाका गप्प झाले. बाबा एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. समोरून होकार यायला हवा ना, म्हणून थांबायचे. खाली पन्नास माणसं. एकानेही तोंड उघडलं नाही. वाळीतल्या माणसाच्या गाऱ्हाण्याला होकार देणं म्हणजे त्याच्या पंगतीला बसणं, आपल्याकडचा नियम. मी गॅलरीतून बघितलं, दत्तूने दात आवळून धरले होते, गालाची हाडं दिसत होती. काका फळीवरच्या तुझ्या नारळाकडे बघत होते.

बाबांनी गाऱ्हाणं पुरं केलं. प्रत्येक ओळीनंतर थांबत थांबत. मग आयेला म्हणाले, पाणी दी.

होकार मीसुद्धा देऊ शकले असते. आपल्यात बायका देत नाहीत, म्हणून दिला नाही. आयेनेही नाही दिला.

यंत्राचं चांगलं आहे. झोपवायची युक्ती लागू पडली. बत्तीस प्रोसेसर चालतात आणि सोळांना लागायची त्याहून कमी वीज लागते. एसीची गरज निम्म्यावर आली. सरांनी गिरगावातून पेढे आणले. सगळे माझं नाव घेत होते. मी पेढा कागदात बांधून घरी आणला आणि बाबांच्या जिभेवर थोडा ठेवला. ते म्हणाले, कशाचा? मी म्हटलं, वीज वाचवली त्याचा. ते म्हणाले, गिरणीत वाचवली? मी हो म्हटलं.

सुनेत्रा


१० डिसेंबर १९८९

दादा,

हे शेवटचं मागणं. नंतर मी मागणार नाही.

काल बुधाजीकाका आले होते. उंबऱ्याबाहेरच उभे. आत येत नाहीत, माझ्याशीही थेट बोलत नाहीत, कठड्याकडे तोंड करून बोलले. "चेडवा, त्येणा येवक व्हया असा नाय. कार्डार एक वळ लिवन दिली तरी चलात. मी नारळ उचलतंय. माझ्या डोळ्यांदेखत कोंडीराम असो जाता नये." ते आणि बाबा एकाच दिवशी गावाहून मुंबईला आले होते, एकाच चटईवर पाळीपाळीने झोपले होते. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. त्या माणसाला आज आपल्या दारात पाठमोरं उभं राहून बोलावं लागतं.

एक ओळ, दादा. तुला यायला नको, कोणाचं तोंड बघायला नको. 'मी नारळ मागे घेतो, लवू कोंडीराम घाडी.' एवढं लिही. कमीपणा वाटत असेल तर खाणावळवाल्याकडून लिहून घे आणि खाली अंगठा दे, मी म्हणेन तुझा हात दुखत होता.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येईल.

आमच्याकडे एक विचित्र प्रकार झाला, तो सांगते. चौसष्ट प्रोसेसर जोडून झाले. शनिवारी एक लांबलचक गणित लावून आम्ही घरी गेलो. सोमवारी आलो तर खोली गार. पंखे हळू, दिवे लागलेले, सगळं शांत. सर खूश. हात लावून बघत होते, म्हणाले, "अहो, हे तर माठासारखं गार आहे!" दुपारी मी आकडे काढले तर गणित शनिवारी संध्याकाळीच अडकलेलं. एका बोर्डाचा टाका सुटला होता. तो प्रोसेसर मेला होता, तो रेषेवर येणारच नव्हता. बाकीचे त्रेसष्ट त्याची वाट बघत छान झोपले होते. पूर्वी कोणी अडकला की खोली तापायची, काहीतरी बिघडलंय हे कळायचं. आता गार राहते. गार म्हणजे सगळं सुरळीत चाललंय, असं आम्ही धरून चाललो. ही चूक माझ्याच युक्तीतून आली.

आपल्या घरीही सगळं असंच गार चाललंय. भांडण नाही, रडणं नाही, चाळीत कोणी उणादुणा शब्द बोलत नाही.

आता मी सरांना म्हणते, थांबण्याला हद्द घाला. ठरलेल्या वेळेपर्यंत जो आला नाही त्याला मेलेला धरायचं, त्याचं काम बाकीच्यांत वाटायचं आणि पुढे जायचं. सर कबूल होत नाहीत. "आणि तो मेलेला नसेल, नुसता हळू असेल तर? त्याच्याशिवाय काढलेल्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?" मी म्हटलं, सर, विश्वास राहू दे, आधी उत्तर तर येऊ दे. माझा आवाज चढला असावा. ते चष्मा काढून पुसत बसले.

दादा, एक ओळ.

सुनेत्रा


१८ फेब्रुवारी १९९०

दादा,

यंत्र पुरं झालं. आठ तारखेला दिल्लीहून माणसं बघायला आली. नेमका मध्येच एक बोर्ड गेला. सर पांढरेफटक पडले. पण हद्द घातलेली होती, सरांनी जानेवारीत मान्य केली शेवटी. बाकीचे थोडा वेळ थांबले, मग गेलेल्याचं काम वाटून घेऊन चालू पडले. उत्तर जरा उशिरा आलं, बरोबर आलं. पाहुण्यांनी विचारलं, ही वीज फक्त एवढीच? मीटर बिघडलाय का? सर म्हणाले, मीटर आमच्या घाडीबाईंनी लावलाय, तो बिघडत नाही.

बाबा गेले. तेरा तारखेला, मंगळवारी पहाटे, झोपेतच. आये चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं.

शेजारच्या रघूला तार करायला पाठवलं. दहा वाजेपर्यंत मंडळातले सगळे खाली चौकात जमले. कामधंदा सोडून. चंदू घोडपदेवहून आला. कोणी बांबू आणले, कोणी मडकं, कोणी कापड, फुलं. सगळं भिंतीला नीट टेकवून ठेवलं. आणि उभे राहिले. एकजणही जिना चढेना. काकांनी खालूनच विचारलं, "लवूक तार गेली?" गेली म्हटलं. "मगे येतलो. सुरत काय लांब नाय."

सगळे तुझी वाट बघत होते. तू यायचं, नारळ उचलायचा, मग त्यांनी वर चढायचं.

बारा वाजले, दोन वाजले. बाबांभोवती लावलेल्या बर्फाचं पाणी गॅलरीतून खाली ठिबकायला लागलं, तसे ते थोडे सरकून उभे राहिले. आपल्या घरचा चहा चालत नाही म्हणून इराण्याकडून मागवला. गेटकडे कोणी वळलं की सगळे वळून बघायचे. आये बाबांच्या उशाशी बसून विचारत होती, "इले? वर इले?" मी सांगत होते, येतायत.

मी वरून त्यांच्याकडे बघत होते आणि मला राग आला. इतका राग आला की कठडा धरून उभी राहिले. किती दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून सांगू. त्यांचा राग, तुझा राग, बाबांचासुद्धा, की एकदा वाकले का नाहीत, खाली जाऊन ओरडले का नाहीत.

उन्हं कलल्यावर मी खाली उतरले. म्हटलं, काका, लवू येणार नाही.

"येतलो गे. थांबया."

"कितीपर्यंत थांबायचं?"

"तो येयसर."

"आणि नाहीच आला तर?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय काही हलत नव्हते. बाकीचे जमिनीकडे बघत होते. त्या सगळ्यांना वर यायचं होतं, दादा. मी पाहिलं ना. एकालाही उभं राहायचं नव्हतं.

मग मी जे केलं ते तुला आवडणार नाही. जिन्याच्या पायरीवर चढले, ओढणी कमरेला खोचली आणि गाऱ्हाणं घातलं. बाईने घालायचं नसतं. मयताला तर कोणीच घालत नाही. बाबांची चाल मला येते हे मलाही माहीत नव्हतं.

"बा देवा रवळनाथा, पाच पंचांच्या म्हाराजा! आज तुझो घाडी तुझ्या वाटेक लागलो हा, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आख्खा चौक दणाणला. त्यांना कळायच्या आत तोंडातून गेलं. नानेखोलच्या माणसाला झोपेतून उठवून गाऱ्हाणं ऐकवलं तरी तो 'होय म्हाराजा' म्हणेल. गणपतीत गप्प राहिले ते दात आवळून, ठरवून. आज बेसावध सापडले. सगळ्यांत मोठा आवाज बुधाजीकाकांचा. त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला.

मी थांबले नाही. "त्येका उचलूक इलेल्यांका बळ दी, रे म्हाराजा!"

निम्मे बोलले, निम्मे एकमेकांकडे बघत राहिले.

"त्येची काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल, रे म्हाराजा!"

ह्या वेळी काकांनी तोंडावरचा हात काढला. माझ्याकडे बघून, सावकाश, एकटे म्हणाले, "होय म्हाराजा." मग सगळे म्हणाले. मग काका वळले आणि चौकाला म्हणाले, "आता जीब इटाळली ती इटाळली. चला वर."

जिन्यावर एवढी गर्दी झाली की रघू ओरडला, जिना पडेल. आये दारात उभी राहून प्रत्येकाला हाताने आत ओढत होती. नावाने हाक मारून. एवढ्या वर्षांत ती कोणाचंही नाव विसरली नव्हती.

बाबांना सगळ्यांनी खांदा दिला, पाळीपाळीने, शिवडीपर्यंत. लालबागच्या नाक्यावर खांद्यासाठी भांडणं झाली. तुझ्या जागी अग्नी चंदूने दिला. फळीवरच्या नारळाचं त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर सगळे वर आले आणि आपल्या घरचं पाणी प्यायले. एकूण एक. पेले पुरेनात, म्हणून मी मोरीत बसून विसळत होते आणि आये भरून देत होती. मी तिथे रडले. पुष्कळ रडले. आयेने बघितलं आणि पुढचा पेला मागितला.

परवापासून कामावर जाते आहे. सरांनी विचारलं, सुतकात आलात तरी चालतं का? मी म्हटलं, यंत्राला चालतं.

तुझ्यावर राग आहे. तो आता खराखुरा आहे आणि जाईल असं वाटत नाही. आलास तर तोंडावर सांगेन. यायचं की नाही ते तुझं तू बघ, आमचं आता अडलेलं काही नाही.

तार तुला मिळाली की नाही ते मला माहीत नाही. खाणावळवाल्याने दिली नसेल तर हीच पहिली बातमी. मिळूनही आला नसशील तरी एक गोष्ट कळवणं मला भाग आहे, कारण तिथे तुला सांगणारं आपलं कोणी नाही. सुतक तुलाही आहे. तेरावं पंचवीसला. तोवर दाढी करू नकोस, गोड खाऊ नकोस, आणि खाणावळीत कोणी विचारलं तर सांग, माझे वडील गेले.

सुनेत्रा